अकोल्याचं पॅनेल वेंगुर्ल्याला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: अकोल्याच्या एमआयडीसीत तुमची डाळ मिल आहे आणि आता वेंगुर्ल्याजवळ भावासोबत काजू प्रक्रियेचं युनिट टाकताय. दोन्हीकडे नवीन इलेक्ट्रिक पॅनेल, म्हणजे मोटरींचे स्विच-स्टार्टर बसवलेल्या पेट्या, हवीत. पॅनेलवाला म्हणतो, "दोन्हीकडे आयपी ६५ देतो, धूळ नको, पाणी नको, डोक्याला ताप नको." दर दोन्हीचा सारखाच. घ्यावं का?

नको. अकोल्यात ते सगळीकडून बंद पॅनेल मे महिन्यात ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) जाळेल आणि वेंगुर्ल्यात तेच पॅनेल पावसाळ्यात आतून गंजेल. पेटी उत्तम बनावटीची असली तरी हेच होईल. आणि त्या माणसावर चिडू नका. मीही धंद्यातली पहिली काही वर्षं हेच विकलं आहे.

आधी तो आकडा म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आयपी म्हणजे पेटी धूळ आणि पाणी किती अडवते त्याचा दर्जा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला अंक ५ असेल तर थोडी धूळ आत जाऊ शकते, पण काम बिघडेल इतकी नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. चाचणीसाठी पेटी एका कपाटात ठेवतात, कपाटाच्या दर घनमीटरला २ किलो या हिशोबाने टाल्कची पूड हवेत खेळवतात आणि ६ साठी पेटीच्या आतली हवा पंपाने ओढून घेतात. दुसरा अंक ५ असेल तर ६.३ मिलिमीटरच्या नोझलने मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा सगळ्या बाजूंनी मारतात. चाचणी कडक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती होते नव्या कोऱ्या पेटीवर, दाराची फट बंद करणाऱ्या नव्या गॅस्केटवर, साध्या पाण्याने. तिच्यात ऊन नाही, मिठाची हवा नाही, आतल्या सामानाची उष्णता नाही आणि रात्री गार पडणारा पत्राही नाही. तुमच्या दोन्ही जागी पॅनेल मरणार ते नेमकं या चौघांमुळे.

दुसरं म्हणजे प्रमाणपत्र बहुतेक वेळा रिकाम्या पेटीचं असतं. पॅनेलवाला त्याच दाराला मीटर, पुश बटन, दिवे आणि सिलेक्टर स्विचसाठी भोकं पाडतो, केबल घट्ट धरणारे ग्लँड बसवायला खाली ग्लँड प्लेटला भोकं पाडतो, बाजूला पंखा बसवतो. त्यानंतर त्या पॅनेलचा दर्जा त्यातल्या सगळ्यात कच्च्या भोकाएवढा. फॅन-फिल्टर साधारण आयपी ५४ चा येतो. तो बसवला त्या क्षणी तुमचं आयपी ६५ संपलं, नेमप्लेट काहीही म्हणो.

आता अकोला.

आतल्या सामानात जी वीज वाया जाते तिची उष्णता होते आणि बंद पेटीत ती फक्त पत्र्यातून बाहेर पडते. पत्र्याची पेटी दर चौरस मीटर पृष्ठभागाला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला, साधारण साडेपाच वॅट बाहेर टाकते. फायबर किंवा प्लास्टिकची पेटी जेमतेम साडेतीन. तुमचं पॅनेल ८०० मिलिमीटर रुंद, २००० उंच, ६०० खोल आणि भिंतीला टेकवलेलं आहे असं धरा. भिंतीकडची बाजू कमी मोजायची, वरची जास्त आणि तळ मोजायचाच नाही, असा हिशोब केला की उपयोगी पृष्ठभाग ५ चौरस मीटरच्या आसपास येतो. म्हणजे दर अंशाला २८ वॅट.

तुम्ही १५ किलोवॅटचे दोन ड्राइव्ह लिहिलेत. ड्राइव्हमध्ये साधारण ३ टक्के वाया जातात, म्हणजे दोघांचे मिळून ९०० वॅट. ९०० ला २८ ने भागा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३२ अंशांनी जास्त. मे महिन्यात अकोल्यात शेडमध्ये ४५ अंश असतंच, पत्र्याच्या छताखाली त्याहून जास्त. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतात, पुढे ५० पर्यंत क्षमता कमी करून, आणि त्यानंतर नाहीच. ७७ अंशांत ड्राइव्ह ट्रिप होईल. तो ट्रिप होऊ नये म्हणून कोणी सेटिंगशी खेळ केला तर आतले कपॅसिटर फुगतील.

हा हिशोब करायला पाच मिनिटं लागतात. पॅनेलवाल्याकडून तो लेखी मागा. पॅनेलसाठीचं मानक, आयईसी ६१४३९, मुळात असं धरून चालतं की बाहेरचं तापमान ४० अंशांच्या वर जाणार नाही आणि दिवसभराची सरासरी ३५ च्या आत राहील. विदर्भात एप्रिल-मे मध्ये ही दोन्ही गृहीतकं कोलमडतात. म्हणून "मानकाप्रमाणे बनवलंय" एवढ्यावर थांबू नका. ऑर्डरमध्ये स्वच्छ लिहा: बाहेरचं तापमान ४८ अंश.

एक गोष्ट तुमच्या इलेक्ट्रिशियनला नक्की ओळखीची असेल. घरगुती प्रकारची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ३० अंशांच्या हिशोबाने नेमलेली असते. पॅनेलच्या आत ६० अंश झाले की तीच एमसीबी तिच्या आकड्यापेक्षा कमी करंटला पडते. दुपारी दोनला फीडर पडतो, पाचला परत लागतो, पुन्हा दुसऱ्या दिवशी दोनला पडतो. मग कोणीतरी वैतागून ३२ अँपिअरच्या जागी ४० ची एमसीबी टाकतं आणि प्रश्न सुटतो. सुटत नाही, तो केबलवर जातो. केबल तीच जुनी, तीही गरम, आणि आता तिला वाचवणारी एमसीबी तिच्यापेक्षा मोठी. उन्हाळ्यात मिलमध्ये आगी लागतात त्यामागे असे 'सुटलेले प्रश्न' मी पुष्कळ पाहिलेत.

मग उपाय काय? पेटीच्या आधी जागा. मी हे सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, कारण शेड आधीच बांधून झालेली असते. तुमचीही शेड जुनीच आहे, तरी एका कोपऱ्यात विटांची १० बाय १२ फुटांची खोली काढा. पश्चिमेकडच्या पत्र्याच्या भिंतीला नको, उत्तरेकडे असेल तर उत्तम. खोलीवर स्लॅब किंवा दुहेरी छत. एका बाजूला मोठ्या फिल्टरमधून हवा आत ढकलणारा पंखा, समोरच्या बाजूला वर झडप. हवा आत ढकलली की खोलीत किंचित दाब राहतो आणि दाराच्या फटीतून धूळ आत येण्याऐवजी हवाच बाहेर जाते. अशा खोलीत आयपी ५४ ची साधी चांगली पेटी पंधरा वर्षं सहज काढते. खोलीचा खर्च एका चांगल्या पॅनेल एसीच्या आसपास येतो. आणि पॅनेलसमोर किमान एक मीटर मोकळी जागा ठेवा. ती कायद्यानेही लागते. तिथे पोती रचू नका.

खोली जमतच नसेल तर फॅन-फिल्टर. हिशोब असा: वॅट गुणिले ३.१, भागिले आत-बाहेरचा फरक. उत्तर तासाला घनमीटर. बाहेर ४५ आणि आत ५० पर्यंत चालवून घ्यायचं ठरवलं तर पत्रा स्वतः १४० वॅट टाकतो, उरले ७६०. म्हणजे तासाला ४७० घनमीटर हवा. कॅटलॉगमध्ये पंख्याचा आकडा मोकळ्या हवेचा असतो, फिल्टर लावल्यावरचा वेगळा आणि बराच कमी. दुसरा आकडा बघा, आणि डाळीच्या भुकटीने फिल्टर अर्धा भरणारच म्हणून त्यावर दीडपट धरा. पंखा खाली बसवा, आत फुंकणारा. वर बाहेर पडणारा फिल्टर. उलटं केलं, म्हणजे वरून ओढणारा पंखा लावला, तर पॅनेल व्हॅक्यूम क्लीनर होतं. दाराच्या प्रत्येक फटीतून भुकटी आत ओढली जाते.

पंखा बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, हे उघड आहे, तरी दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ४५ अंशांत ड्राइव्हला ४० हवे असतील तर पॅनेल एसीच लागेल. आणि डाळ मिलमध्ये पॅनेल एसीचा बाहेरचा कॉइल दर आठवड्याला साफ केला नाही तर दुसऱ्या महिन्यात तो फक्त आवाज करतो. मला विचाराल तर मी तुम्हाला तिसरी वाट सुचवेन. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, पॅनेलच्या मागे बाहेर काढता येतो असे ड्राइव्ह मिळतात. बहुतांश उष्णता पेटीत येतच नाही. किंवा बंद बनावटीचे, भिंतीवर लावायचे ड्राइव्ह घ्या आणि पॅनेलमध्ये फक्त स्विचगिअर, म्हणजे स्विच-एमसीबी, ठेवा. थोडे महाग पडतात, पण ९०० वॅटचा प्रश्न १०० वॅटवर येतो. मग ते बंद पॅनेलही चालेल.

दोन गोष्टी तुमच्याकडे होतात की नाही माहीत नाही, पण विदर्भात मी जिथे गेलो तिथे पाहिल्या. एक, पॅनेलचं दार सताड उघडं आणि समोर फर्राटा पंखा. लाखभराची पेटी घेऊन तिचं दार उघडं ठेवायचं असेल तर लाकडी फळीवरच स्टार्टर लावा, स्वस्त पडेल. आणि वीज वाहणाऱ्या उघड्या बसबार पट्ट्यांसमोर माणसं ये-जा करतात, ते वेगळंच. दुसरी, पॅनेल रूममध्ये डेझर्ट कूलर. कूलरचं पाणी बोअरचं, खारट. त्याची वाफ आणि सूक्ष्म तुषार थेट पॅनेलवर. चार वर्षांपूर्वी अशा एका ठिकाणी टर्मिनलवर पांढरी बुरशी आलीये म्हणून मला बोलावलं. बुरशी नव्हती, क्षार होते. कोरड्या विदर्भात त्या माणसाने पैसे खर्च करून कोकण तयार केलं होतं.

डाळीची भुकटी जळते, हे विसरू नका. एलिव्हेटरच्या तळाच्या बूटजवळ, धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनखाली, जिथे भुकटी हवेत तरंगत राहते, तिथे साधं पॅनेल, साधं बटन स्टेशन काहीही नको. आयपी ६५ असणं आणि धुळीच्या स्फोटापासून सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आयईसी ६००७९-३१ प्रमाणे वेगळं प्रमाणित साहित्य लागतं. सोपा मार्ग म्हणजे तिथे काही लावूच नका, बटनं लांब न्या. पॅनेलच्या डोक्यावर भुकटीचा थर साचू देऊ नका. वरचं छप्पर उताराचं मागा. पॅनेलवाले सपाट देतात कारण वाकवायला सोपं. मग त्यावर भुकटी तर साचतेच, शिवाय पक्कड आणि चहाचा ग्लासही.

आता वेंगुर्ला. इथे शत्रू उष्णता नाही, म्हणून अकोल्याचं शहाणपण इथे उपयोगाचं नाही.

कोकणातल्या माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी उघड्यावर एक पेटी लावली होती. गॅस्केट उत्तम, ग्लँड उत्तम, सगळं घट्ट. जूनमध्ये बसवली. ऑक्टोबरमध्ये उघडली तर तळात बोटभर पाणी, आणि दाराच्या आतल्या बाजूला थेंबांचे ओघळ. मालक म्हणाला, "ही तुमची वॉटरप्रूफ?" मी गॅस्केटवर पाइपने पाणी मारून दाखवलं, एक थेंब आत गेला नाही. मग पाणी आलं कुठून? ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही.

पेटी श्वास घेते. पावसाच्या मधल्या उघडिपीत ऊन पडलं की आतली हवा ६० अंशांपर्यंत तापते, पसरते आणि जिथून वाट मिळेल तिथून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की पत्रा मिनिटांत गार होतो आणि आतली हवा आकसते. ६० वरून २५ अंशांवर येताना हवेचं आकारमान दहा टक्के कमी होतं. शंभर लिटरच्या पेटीत दहा लिटर बाहेरची हवा ओढली जाते. गॅस्केट पाणी अडवतं, पण इतक्या दाबाच्या फरकाला हवा कुठून तरी येतेच. बहुतेक वेळा केबलच्या तारांच्या मधून. ती हवा पावसाळ्यातली, भिजलेली. दहा लिटरमध्ये जेमतेम चार-पाच थेंब पाणी असतं. पण ते रात्री गार पत्र्यावर जमतं आणि सकाळी हवा जितक्या लवकर बाहेर जाते तितक्या लवकर ते वाळत नाही. थेंब थेंब करत चार महिने. पेटी जितकी घट्ट तितकं हे पाणी बाहेर पडायला वाट कमी.

म्हणून कोकणातल्या उघड्यावरच्या पेटीला खाली ड्रेन प्लग आणि बाजूला ब्रीदर लागतोच. हवा जाऊ देतो पण पाण्याचा थेंब अडवतो असा पडद्याचा ब्रीदर मिळतो, काही शे रुपयांना. तो असला की हवेला कायदेशीर दरवाजा मिळतो आणि गॅस्केटमधून, केबलमधून चोरवाटा शोधाव्या लागत नाहीत. आणि वर कॅनॉपी, म्हणजे छोटं छप्पर. कॅनॉपी पावसासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. तिचं मोठं काम ऊन अडवणं आहे. ऊन नाही तर पेटी ६० पर्यंत तापत नाही, आणि तापली नाही तर श्वासही छोटा. पेटीच्या आणि कॅनॉपीच्या मध्ये चार बोटं हवा खेळू द्या. रंग फिकट करडा, आरएएल ७०३५. गडद निळा छान दिसतो, पण उन्हात तव्यासारखा तापतो.

मग स्पेस हीटर, म्हणजे पेटी आतून कोरडी ठेवणारा छोटा हीटर. तुमच्या पॅनेलवाल्याने कोटेशनमध्ये "स्पेस हीटर ४० वॅट, थर्मोस्टॅटसह" लिहिलं असणार. सगळे तेच लिहितात, पेटी केवढीही असो. हिशोब तोच, उलट बाजूने. पेटी बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम ठेवायची तर मोठ्या पॅनेलला २८ गुणिले ५ म्हणजे १४० वॅट लागतात. ४० वॅटने दीड अंश वाढेल, म्हणजे काही नाही. उलट ६०० बाय ४०० च्या छोट्या पेटीला २०-२५ वॅट पुरतात. पाच अंशांनी काय होतं? २५ अंशांची पूर्ण भिजलेली हवा ३० अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते, ३५ वर नेली की ६० च्या खाली. लोखंड साधारण ६० टक्क्यांच्या पुढे वेगाने गंजतं. आणि समुद्राच्या हवेतलं मीठ ७५ टक्क्यांच्या पुढे स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. वेंगुर्ल्यात पाऊस पडत नसतानाही टर्मिनल ओलसर लागतात ते म्हणून. तेव्हा १६० वॅट घ्या, ८० चे दोन, तळाशी, वायरींपासून लांब.

थर्मोस्टॅट मात्र नको, ह्युमिडिस्टॅट घ्या. तो तापमान नाही, आर्द्रता बघून हीटर चालू-बंद करतो. कोकणात पावसाळ्यात हवा २८ अंश असते. ३० वर लावलेला थर्मोस्टॅट थोडं गरम झालं की हीटर बंद करतो, आर्द्रता ९० टक्के असली तरी. त्याला ती कळतच नाही. ह्युमिडिस्टॅट ६० टक्क्यांवर लावा आणि विसरा. मिळत नसेल तर थर्मोस्टॅट ४० वर ठेवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचा धंदा काजूचा आहे. हंगाम सरला, पावसाळ्यात युनिट थंडावलं, की भाऊ मेन स्विच पाडून घरी जाईल. वीजबिल वाचवायला. तेव्हाच पॅनेल मरतं. चालू पॅनेल स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं. बंद पॅनेलला कोणी वाली नाही. जूनमध्ये चालू असलेली आणि ऑक्टोबरमध्ये लागत नसलेली ड्राइव्ह कार्डं मी इतकी पाहिलीत की आता फोनवरच ओळखतो. म्हणून हीटरचा पुरवठा मेन स्विचच्या आधीपासून, वेगळ्या एमसीबीतून घ्या. दीडशे वॅटचं चार महिन्यांचं बिल एका ड्राइव्ह कार्डापुढे किरकोळ आहे. फक्त त्याचा अर्थ असा की मेन पाडल्यावरही पॅनेलमध्ये वीज आहे. तिथे मोठी पाटी, मराठीत: "मेन बंद असला तरी हीटरला वीज चालू आहे." त्या एमसीबीला कुलूप लागेल अशी सोय, आणि ते टर्मिनल झाकलेले.

पॅनेल एसी तिथे लावू नका. काजू युनिटमध्ये तशी गरज नाहीच, पण कोणी सुचवलं तर. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंश असतो, म्हणजे त्याहून गार वस्तूवर पाणी जमतं. ऑपरेटर एसी २२ वर लावतो, ऑफिससारखा, आणि मग दार उघडतो. त्या क्षणी आतलं प्रत्येक टर्मिनल, प्रत्येक कार्ड घाम फुटल्यासारखं ओलं. एसी लावायचाच असेल तर ३५ वर. पॅनेलला गारवा नको असतो, फक्त ताप नको असतो.

पत्रा कुठला? समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असाल तर साध्या सीआरसीए, म्हणजे जस्ताचा थर नसलेल्या लोखंडी, पत्र्यावर पावडर कोटिंग हे मी देत नाही. देत असाल तर आधी सात टाक्यांची फॉस्फेट प्रक्रिया झाली आहे का आणि कोटिंग किमान ६० ते ८० मायक्रॉन आहे का ते गेज लावून बघा. त्यापेक्षा जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर कोटिंग बरं. भोक पाडलं तरी कडा लगेच फुलत नाही. स्टेनलेस ३०४ सुंदर दिसतं आणि दोन वर्षांत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. आतून सडत नाही, पण मालक रागावतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला टिकतं. किंमत बघून मात्र बसायला खुर्ची लागते. शेजारी लोखंडाचं ग्राइंडिंग होऊ देऊ नका, ठिणग्या चिकटल्या की ३१६ ला सुद्धा गंजाचे टिपके येतात.

छोट्या बटन स्टेशनना आणि जंक्शन बॉक्सना मी सरळ पॉलिकार्बोनेट किंवा एसएमसी फायबर घेतो. गंजाचा विषयच नाही. महावितरणचे मीटर बॉक्स बघा ना. पण दोन काळजी. फायबर उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की वरचा थर झिजून धागे उघडे पडतात, तेव्हा सावली हवी. आणि प्लास्टिकच्या पेटीत धातूच्या ग्लँडचं आपोआप अर्थिंग होत नाही. प्रत्येक ग्लँडला अर्थिंगचा टॅग लावून तो आतल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडायलाच हवा. ही चूक इतकी सर्रास आहे की तपासणीला गेलो की मी आधी तेच बघतो. ड्राइव्ह मात्र प्लास्टिकच्या पेटीत नको: उष्णता कोंडते आणि त्याचा विद्युत गोंगाट आजूबाजूला पसरतो.

बिजागऱ्या, कुलपं, स्क्रू स्टेनलेसचेच. पेटी ३१६ ची आणि स्क्रू झिंकचे, असं सात-आठ वेळा पाहिलंय.

काजू भाजण्याच्या, वाफवण्याच्या जागेपासून पॅनेल लांब ठेवा. टरफलाच्या तेलाचा धूर चिकट. तो गॅस्केटवर बसतो, धूळ धरतो आणि कालांतराने दार नीट लागत नाही. वाफेच्या कुकरच्या डोक्यावर पॅनेल नको हे सांगायला नको. पण मी पाहिलंय.

गॅस्केट दोन्हीकडे सारखंच: चिकटवलेली रबराची पट्टी नको. तिचा जोड नेमका कोपऱ्यात येतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तो अर्धा इंच उघडतो. मशीनने ओतलेलं, सलग पीयू फोमचं मागा, किंवा उघड्यावर असेल तर ईपीडीएम रबराचं. तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सगळ्या बाजूंनी सारखी घट्ट लागली पाहिजे. रात्री आत टॉर्च लावून दार बंद करा आणि बाहेरून फिरून बघा. प्रकाश दिसला तर धूळही जाईल. ही परीक्षा पॅनेल ताब्यात घेण्याआधी, पॅनेलवाल्याच्या शॉपमध्ये करा.

केबल खालूनच घ्या, वरून नाही. ग्लँड डबल कॉम्प्रेशनचे. न वापरलेलं भोक उघडं ठेवू नका, त्याला प्लग. आपल्याकडे पॅनेलमध्ये स्फोट होण्याचं एक फार साधं कारण पाल आहे. ती नेहमी ग्लँड प्लेटच्या उरलेल्या भोकातूनच येते, बसबारच्या उबेला जाऊन बसते आणि दोन फेजमध्ये येते. साइटवर इलेक्ट्रिशियन ड्रिलने जी नवी भोकं पाडतो, त्यांच्या कडांना झिंकचा रंग लावायची सवय लावा. आणि खाली पडलेला लोखंडाचा चुरा गोळा करा, तो पहिल्याच पावसात गंजून पसरतो.

वेंगुर्ल्यात जागा ओढ्याकाठी असेल तर प्लिंथ (पॅनेलखालचा ओटा) उंच करा, पूर्वी पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढलं तेव्हा आयपी ६५ च्या पेट्या इतर पेट्यांसारख्याच बुडाल्या. बुडण्यासाठी दुसरा अंक ७ लागतो आणि तोही एक मीटर पाण्यात अर्धा तासच. पुराच्या पाण्यात गेलेली एमसीबी किंवा तिची मोठी बहीण एमसीसीबी वाळवून परत लावू नका. आत गाळ राहतो. ती गरजेच्या वेळी पडत नाही.

तर आता पॅनेलवाल्याला काय लिहून द्यायचं. अकोल्यासाठी: बाहेरचं तापमान ४८ अंश, कोरडी जळणारी धूळ, पॅनेल बंद खोलीत, पेटी आयपी ५४, ड्राइव्हचा हीटसिंक बाहेर, छप्पर उताराचं, आतल्या उष्णतेचा हिशोब सोबत. वेंगुर्ल्यासाठी: समुद्रापासून अंतर किती ते आकड्यात, आर्द्रता ९५ टक्के, जस्ताच्या पत्र्यावर कोटिंग किंवा ३१६, पेटी आयपी ५५ पुरे, ब्रीदर, ड्रेन प्लग, कॅनॉपी, १६० वॅट हीटर ह्युमिडिस्टॅटसह, मेनच्या आधीपासून वेगळा पुरवठा, स्टेनलेस फिटिंग. दोन्हीत प्रमाणपत्र भोकं पाडल्यानंतरच्या पेटीचं नसेल तर तसं लेखी कबूल करून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

हे वाचून त्याने पुन्हा दोन्हीचा सारखाच दर दिला, तर त्याला एकच विचारा: माझ्या पॅनेलमध्ये किती वॅट वाया जातात? आकडा सांगू शकला तर बोलणी पुढे न्या. "काळजी नको साहेब" म्हणाला तर दुसऱ्याकडून कोटेशन मागवा.